गोदूबाईंचा गंधार

आमच्या वरच्या मजल्यावर मल्हार राहतो. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याच्या आई गोदूबाई धारवाडहून कायमच्या इथे आल्या त्या १९९२च्या जूनमध्ये. चाळीस वर्षे तिथे गाणे शिकवले. तंबोरा उचलवेना, म्हणून निघताना तो एका शिष्येला दिला. आकाशवाणीत नोकरी करणाऱ्या दुसऱ्या एका शिष्याने मात्र त्याआधी त्या तंबोऱ्याची अर्ध्या तासाची टेप चांगल्या यंत्रावर करून दिली होती.

इथे येताच गोदूबाईंना कडक ताप आला. तो उतरल्यावर त्यांनी मल्हारच्या लहानशा टेपरेकॉर्डरवर ती टेप लावली आणि त्यांचा चेहराच उतरला. तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. पण तारा नेमक्या लागल्या की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. तो त्यांना ऐकू येईना.

"तापात कान गेले, अक्का," त्या मला म्हणाल्या.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की वयाच्या मानाने कान उत्तम आहेत.

"डॉक्टरला गंधार कुठला ठाऊक?" एवढेच त्यांचे उत्तर.

तळमजल्यावरची पवित्रा शिकायला आली, तिला त्यांनी दारातूनच परत पाठवले. बहिऱ्याने गाणे शिकवू नये, म्हणाल्या. दोन वर्षे घरात गाण्याचा एक सूर निघाला नाही.

माझ्या डायरीत पुढची नोंद १७ सप्टेंबर १९९४, शनिवारची आहे. मल्हारने आईसाठी नवे यंत्र घ्यायचे ठरवले होते. गोदूबाई मलाही ओढून एस. पी. रोडवरच्या टेपरेकॉर्डरच्या दुकानात घेऊन गेल्या. टेप पर्समध्ये होती.

"ही शेवटची परीक्षा. इथंही ऐकू नाही आला, तर टेप ह्यांनाच देऊन टाकते. भरू देत सिनेमाची गाणी."

दुकानातला देवाप्पा निपाणीकडचा. त्याने सगळ्यात मोठे यंत्र सुरू केले. लाल-हिरवे दिवे नाचू लागले. टेप घातल्यावर तो गोंधळला.

"आज्जी, ह्यात गाणंच नाही की!"

"गाणं मी म्हणते. तू वाजव."

तंबोरा चढावर लागलेल्या लॉरीसारखा घुमला. गोदूबाईंनी मान हलवली. दुसऱ्या यंत्राची सगळी बटणे त्यांनी मधोमध आणायला लावली. तरी नाही.

"आई, पुरे आता," मल्हार हळूच म्हणाला. गोदूबाईंचा हात टेप काढून घ्यायला पुढे झाला होता.

"स्वल्प थांबा, आज्जी," देवाप्पा म्हणाला. त्याने एका साध्या, बिनदिव्यांच्या यंत्राला स्पीकरच्या दोन लाकडी पेट्या जोडल्या.

"उंच ठेवू नकोस. माझ्या कानाशी आण. आणि लांब कर की एकमेकींपासून, भांडतील त्या!"

पेट्या दोन स्टुलांवर ठेवल्या गेल्या. टेप सुरू झाली. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला गोदूबाई ताठ बसल्या.

"अक्का, ऐकू येतो का?"

मी कॉन्व्हेंटमध्ये पियानो शिकलेली. मला नुसता गुंजारव ऐकू येत होता. मग गोदूबाईंनी तोच सूर हलकेच गुणगुणून दाखवला आणि त्या थांबल्या. त्या थांबल्या तरी सूर चालूच होता, तारांच्या वर तरंगत.

तरी त्यांचा विश्वास बसेना. पुन्हा ते दिव्यांचे यंत्र लावायला सांगितले. गंधार गेला. पुन्हा लाकडी पेट्या. गंधार आला.

"माझे कान शाबूत आहेत!" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की रस्त्यावरची माणसे आत डोकावली. "मल्हार, तुझं खोकं बहिरं होतं रे! दोन वर्षं मी उगाच माझ्या कानांना दोष देत बसले."

"पण आई, ह्याला रेडिओ नाही."

"घरातला काय फेकून दिलास?"

देवाप्पा हसत म्हणाला, "सरी, ठीक आहे आज्जी, तुम्ही इथंच नोकरीला या."

"पगार झेपायचा नाही तुला."

घरी पोचल्यावर मल्हार पेट्या वर नेत होता, तेवढ्यात त्यांनी पवित्राचे दार वाजवले. "उद्या सकाळी सातला ये. उशीर चालायचा नाही."

रविवारी सातला वर तंबोऱ्याची टेप सुरू झाली. मी चहा घेऊन खिडकीत बसले होते. पवित्राने षड्ज लावला.

"खाली आहे. पुन्हा."

चौदा वेळा 'पुन्हा' झाले. मी मोजले. पंधराव्या वेळी वरून आवाज आला, "हां! आता सोडू नकोस."