ऊन पडलं की गळणारं छप्पर

"पत्रा बदला काका, नाहीतर मी आईचं परतीचं तिकीट बुक करतो," नीलेश म्हणाला.

न्यूझीलंडमधल्या रिकार्टनचं, भाड्याचं नाही, त्याचं स्वतःचं घर. हिवाळा. नीलेश पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. त्याची आई सुनेच्या बाळंतपणाला आलेली, सुनेला आठवा महिना. आईच्या खोलीचं सिलिंग ठिबकत होतं, कोपऱ्यात काळी बुरशी, आणि आईला खोकला. डॉक्टरने सांगितलेलं, ओल्या खोलीत ठेवू नका. दुसरी खोली नव्हती. तिला तर नातवंड बघितल्याशिवाय हलायचं नव्हतं.

मी सुतार. शाळा सातवीपर्यंत. तेव्हा छपरांच्या कंपनीत होतो. बॉस गॅव्हिनने फोनवरच निकाल दिला होता, "जुना पत्रा आहे मेट, रीरूफ कर, सगळा नवा टाक."

मी विचारलं, "पाऊस आला की गळतं?"

नीलेशने आईकडे बघितलं. आईच म्हणाली, "पाऊस कुठाय? चांगलं ऊन पडतं आणि टपटप सुरू होतं. इथे सगळंच उलटं."

म्हातारी इंजिनियरपेक्षा हुशार. उन्हात गळतं म्हणजे पाणी बाहेरचं नाही. घरातली वाफ माळ्यावर चढते, पत्र्याला आतून चिकटते, गोठते. ऊन लागलं की वितळते. नवा पत्रा टाकून काय होणार?

शिडी लावून वर गेलो. बाथरूमच्या पंख्याचा पाईप छपराबाहेर काढायचा असतो. इथे तो माळ्यातच उघडा सोडलेला. आई रोज कढत पाण्याने अंघोळ करणार, सगळी वाफ वर. तरी वळचणीच्या फटींतून ती थोडीफार निघून जायला हवी. तिकडे बॅटरी मारली. फटी-फटींत जुन्या सुती साड्या कोंबलेल्या. ओल्याचिंब.

वरूनच ओरडलो, "नीलेश, हे कुणी केलं?"

"मीच, काका. आईला वारा लागत होता. त्या जुन्याच होत्या."

"गाढवा, बाळाच्या दुपट्यांसाठी आणलेल्या त्या!" आई खोकत म्हणाली. "आणि त्या सापडेनात म्हणून मी सुनेवर संशय घेतला."

किचनमधून आवाज आला, "ऐकलं मी, आई."

त्याला झापायचं मनात होतं. जमलं नाही. माझी बायको शोभा आदल्या वर्षी गेली. तीही खोकायची. खोकल्यानेच गेली असं नाही. पण मी लोकांच्या छपरांवर चढत राहिलो, आपल्या माळ्यात एकदाही डोकावलो नाही. या पोराने चुकीचं का होईना, काहीतरी केलं होतं.

गॅव्हिनला फोन लावला. "रीरूफ नको. पाईप बाहेर काढतो."

"नक्की?"

"पावसात गळत नाही. पत्र्याचा काय दोष?"

आपण "ठीक आहे" म्हणतो तसं तो इथल्या भाषेत म्हणाला, "स्वीट अ‍ॅज."

साड्या उपसल्या. पाईप छपरातून बाहेर काढून वर टोपी बसवली. भिजलेलं इन्सुलेशन, म्हणजे थंडी अडवणारी लोकर, काढून नवं घातलं, वळचणीपाशी बोटभर जागा सोडून. नीलेशला म्हटलं, "तिकिटाला आठ दिवस थांब."

आठ दिवसांत सिलिंग कोरडं झालं. बुरशी पुसून घेतली. खोकला जायला महिना लागला, तोवर नात झाली होती. आई उन्हाळा संपवून गेली.

थंडीत खोलीच्या फटी खुशाल बुजवा. माळ्याच्या नको. आणि पंखा फिरतोय म्हणून निवांत बसू नका, तो वाफ कुठे सोडतो ते वर चढून बघा.