पास्कलने व्हिलन आधीच मारला

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्हीवर व्हिलन कड्यावरून कोसळून मेला आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सिनेमा लागायचा होता शुक्रवारी. हा नुसता ट्रेलर होता, आणि तो पास्कलने केला होता.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे गावोगाव व्हिडिओ हॉल निघाले. मालवणातली आमची एजन्सी त्यांच्यासाठी ट्रेलर बनवायची, ते बाजारातल्या हॉटेलांत टीव्हीवर लागायचे. म्हणजे दोन व्हिडिओ मशीन वायरने जोडायची, एकावर सिनेमाची कॅसेट लावायची आणि दुसऱ्यावर हवे तेवढे तुकडे रेकॉर्ड करायचे. पॉझचं बटण हीच आमची कात्री. नियम एकच, शेवट दाखवायचा नाही. शेवट कळल्यावर तिकीट कोण काढणार?

पास्कलला हे सगळं मीच शिकवलं. तो आला तेव्हा त्याला पॉझचं बटणही ठाऊक नव्हतं. पण गिटार वाजवायचा, नाताळात सगळ्या ऑफिसला दोदोलची मिठाई आणायचा, आणि गिऱ्हाईक आत आलं की आधी विचारायचं, "पास्कल खंय गेलो?" माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी देवगडला नवा हॉल निघत होता, ऐन आंब्याच्या हंगामात. तिथलं काम आमच्यापैकी एकालाच मिळणार होतं. ट्रेलरच्या शेवटी करणाऱ्याचं नाव यायचं आणि देवगड माझी सासुरवाडी. सासरे शाळामास्तर. माझ्या नोकरीला ते 'कॅसेटी फिरवणं' म्हणत. भर बाजारात माझं नाव त्यांच्या डोळ्यांसमोर झळकावं, एवढीच माझी इच्छा होती. आमचे मालक अण्णा म्हणाले, दोघांनी मालवणात एकेका सिनेमाचा ट्रेलर करा, ज्याचा हॉल भरेल त्याला देवगड.

माझा सिनेमा आधी लागला. बरा चालला, पण मागच्या रांगा रिकाम्याच होत्या.

म्हणून तर पास्कलचा ट्रेलर बघून मी खूश झालो. त्याला विचारलं, "अरे, व्हिलन मरता ता आधीच दाखवलंस?"

"तोच सीन बरो आसा रे," तो म्हणाला.

मी अण्णांकडे चकार शब्द काढला नाही. म्हटलं, शुक्रवारी कळेलच.

शुक्रवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लोक भिंतीला टेकून उभे होते. दारात आमची नेहमीची कोळीण पार्वतीकाकी दिसली. तिला विचारलं, शेवट तर स्टँडवरच बघितलास, मग आलीस कशाला?

"शेवट ठावक आसा म्हणानच इलंय. जत्रेतल्या दशावतारात रावण मरतलो ता आमका ठावक नसता काय? तरी पहाटेपर्यंत बसतंव मरे. कसो मरता ता बघूचा आसता."

म्हणजे मी इतकी वर्षं या लोकांपासून लपवत होतो ते त्यांना नकोच होतं. ते पास्कलने विचार करून ओळखलं असतं तरी चाललं असतं. त्याला नुसता तो सीन आवडला होता, याचा मला जास्त राग आला.

देवगड पास्कलला मिळालं. अण्णांनी मलाही सांगितलं, यापुढे शेवट घालत जा. मी घालू लागलो. माझेही हॉल भरले. लोक म्हणाले, ट्रेलर पास्कलसारखो झालो हां. धंद्यात एवढंच शिकलो, की नियम करण्याआधी गिऱ्हाईक जत्रेत काय बघतं ते बघून यावं.

मे महिन्यात सासुरवाडीला गेलो. सासऱ्यांनी पाट मांडला, आंबे कापले. मग पहिल्यांदाच माझ्या ऑफिसची चौकशी केली.

"तो पास्कल तुमच्याच हाताखाली काम करता मा? एकदा घेऊन या त्याका जेवक."