यादीतलं बारावं नाव

बेटी तुस्कानो वसईच्या शाळेत माझ्या वर्गात होती. तिच्या वहीत एखादा काना सुटलेला मला आठवत नाही. पुढे ती दुबईला, अल क्वोजमधल्या एसी डक्टच्या कारखान्यात सेक्रेटरी झाली.

तिचे साहेब अमेरिकन, हार्मन प्रूएट. जुन्या वळणाचे. तिकडे सुट्टी शुक्रवारची, त्या दिवशीचं चर्च चुकवायचे नाहीत, सरकारनं माणसाच्या धंद्यात नाक खुपसू नये म्हणायचे. ऑफिसात ‘इन्शाल्ला’, म्हणजे ‘देवाची मर्जी असेल तर’, म्हणायला बंदी. “वार सांगा, वेळ सांगा!”

२००८च्या मंदीत हेड ऑफिसनं काढून टाकायच्या बारा माणसांची यादी पाठवली. प्रूएटसाहेबांनी बारावं नाव खोडलं, तिथे स्वतःचं लिहिलं आणि कागद बेटीला टाइप करायला दिला. “खोडलेलं नाव विसरून जा,” एवढंच म्हणाले.

दोन वर्षांनी ते आपल्या राज्याच्या विधानसभेला उभे राहिले, रिपब्लिकन पक्षाकडून. बेटी इंटरनेटवर त्यांची भाषणं ऐकायची. निवडणुकीच्या तोंडावर विरोधकांनी उठवलं, “दुबईत अकरा जणांना घरी बसवून हा मजेत परत आला!” आणि एक दिवस तिकडच्या पेपरवाल्याचा तिला फोन आला. खरं काय?

कंपनीचा नियम होता, पेपरवाल्यांशी बोलाल तर नोकरी गेली. लॅन्सीचं, तिच्या नवऱ्याचं, हॉटेलातलं काम मंदीत सुटलेलं. घर तिच्या एकटीच्या पगारावर.

“त्या साहेबाला तुझं नाव तरी आठवतं का गो?” लॅन्सीनं विचारलं.

“मला यादी आठवते ना.”

“ममा, जस्ट टेल देम!” त्यांची मुलगी फियोना म्हणाली.

“हो, आणि तुझ्या स्कूलला काय टेल करू?” लॅन्सी करवादला.

बेटीनं पेपरवाल्याला फोन लावलाच. “बारावं नाव त्यांनी स्वतःचं घातलं. टाइप मी केलंय.” बातमी तिच्या नावानिशी छापून आली. त्या रात्री तिनं साहेबांना मेल केला, ‘सर, जिंकाल ना?’ उत्तर एका शब्दाचं. ‘इन्शाल्ला!’ बेटी हसून हसून बेजार.

मतमोजणीच्या दिवशी, बुधवारी सकाळी, मॅनेजर गनीसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर त्याच बातमीची प्रिंट.

“ये आपने बोला है?”

“हो सर.”

त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. “तब मैं नया था. सब बोलते थे, गनी तो गया. किसका नाम काटा था उन्होंने?”

“सर, ते मी विसरले.”

गनीसाहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग प्रिंट घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली. “हेड ऑफिस को जवाब मैं दूँगा.”

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. लॅन्सीचा आवाज केबिनभर ऐकू आला. “बेटी! जिंकला गो तुझा साहेब!”

“यल्ला, चलो!” गनीसाहेब खुर्चीतून उठलेच. “सबके लिए चाय!”

ते खोडलेलं नाव बेटीनं मलाही सांगितलेलं नाही.