मी थांबवलेले थेंब

पत्रकाचं शीर्षक माझंच होतं: ‘लेकराला दूध पाजताय की मयताचं औषध?’ उल्हासनगरच्या ज्या सिंधी छापखानेवाल्याकडे आमच्या ग्राहक मंडळाची पत्रकं छापली जायची, त्याने मजकूर वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “मॅडम, इतना गुस्सा एक पान में नहीं बैठेगा. या तो दो पान करो, या गुस्सा कम करो.” मी दोन्ही केलं नाही. अक्षर बारीक करायला लावलं.

पत्रकात युरिया होता, साबण होता, पाणी होतं. पण सगळ्यात जास्त जागा मी फॉर्मलीनला दिली होती. ‘शवागारात प्रेत टिकवायला जे रसायन वापरतात, तेच तुमच्या पोराच्या पेल्यात.’ पिवळा कागद, एकाच बाजूला छपाई. हे सगळं मी वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून लिहिलं होतं. फॉर्मलीन मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, त्याचा वास कसा असतो तेही मला ठाऊक नव्हतं. तेवीस वर्षांची होते आणि खरं बोलणाऱ्याने मोठ्यानेच बोललं पाहिजे अशी माझी समजूत होती.

अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीच्या कडेला जी वस्ती आहे, तिथे विहाराच्या मागच्या खोलीत बालवाडी भरायची. एक संस्था ती चालवायची. शिकवणाऱ्या बाई एकट्याच. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून त्यांचं घर या बालवाडीवर चालत होतं. रोज दहा वाजता प्रत्येक मुलाला पेलाभर दूध मिळायचं. ते बदलापूरहून, कुळगावच्या बाजूने एक दूधवाला टेम्पोतून आणायचा.

मार्चमध्ये मुलांची पोटं बिघडायला लागली. एका आठवड्यात सहा मुलं गैरहजर, एका मुलीला सलाईन लावावी लागली. त्याआधी विहारात बायकांच्या बैठकीत मी एक प्रयोग दाखवला होता. दूध उकळून थंड करायचं, त्यात टिंचर आयोडीनचा थेंब टाकायचा. दूध निळं झालं तर त्यात पिठासारखा स्टार्च मिसळलाय असं समजायचं. पाणी घातलेलं दूध दाट दिसावं म्हणून तो घालतात. मुलांच्या खरचटलेल्या गुडघ्यांसाठी ठेवलेली टिंचरची बाटली बाईंनी काढली आणि प्रयोग केला. दूध शाईसारखं निळं झालं.

बाईंनी तक्रार लिहिली. मी म्हटलं, “नाव घालू नका. निनावी करू.”

“निनावी अर्ज कोण वाचतं गं पोरी? तू पत्रकाखाली नाव घालतेसच ना?”

पत्रकाखाली मंडळाचं नाव असायचं. माझं नाही.

तक्रार अन्न खात्याकडे गेली, आणि तिची बातमी दूधवाल्याकडे. तो संस्थेच्या सेक्रेटरींना भेटून आला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी बालवाडीत आले आणि माझ्यासमोरच बाईंना म्हणाले, “सरकारी रिपोर्ट येऊ दे. त्यात काही निघालं नाही, तर तुम्हाला थांबावं लागेल. खोट्या तक्रारी करणारी शिक्षिका आम्हाला परवडणार नाही.”

बाई म्हणाल्या, “येऊ दे रिपोर्ट.” त्यांच्या हातातला खडू मोडला होता. त्यांचं लक्ष नव्हतं.

वाटीत निळं झालेलं दूध कोर्टात चालत नाही. अन्न खात्याच्या निरीक्षकाने येऊन, पंचांसमोर, सील लावून नमुना घ्यावा लागतो. एप्रिलमध्ये एका शुक्रवारी निरीक्षक आले. स्टेशनवरून रिक्षाने, हातात रेक्झिनची जाड बॅग, शर्ट पाठीला चिकटलेला. दूधवाल्याचा टेम्पो नुकताच लागला होता. कॅन उतरताच निरीक्षकांनी ओळखपत्र दाखवलं. दूधवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो टेम्पोला टेकून उभा राहिला आणि गळ्यातल्या रुमालाने सारखं तोंड पुसत राहिला. वस्तीतल्या बायका जमल्या. मी पंच म्हणून पुढे होते.

निरीक्षकांनी दूध ढवळलं, तीन कोरड्या बाटल्यांमध्ये सारखं भरलं. एक बाटली प्रयोगशाळेला जाणार, दोन सरकारकडे राखून ठेवणार, असं त्यांनी सांगितलं. मग बॅगेतून एक लहान तपकिरी बाटली काढली आणि ड्रॉपर उघडला.

“हे काय?” मी विचारलं.

“दूध टिकावं म्हणून टाकायचं असतं. नियम आहे.”

“नाव काय त्याचं?”

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “फॉर्मलीन.”

कडेवर पोर घेतलेली एक बाई मागून म्हणाली, “ताई, पत्रकात होतं ते मयताचं औषध ते हेच का?”

“हेच,” मी म्हणाले.

मग आवाज चढत गेला. “मुडद्याचं औषध पोरांच्या दुधात?” “आमच्या डोळ्यांदेखत टाकतोय.” माझेच शब्द मला चारी बाजूंनी ऐकू येत होते, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

निरीक्षक म्हणाले, “हे दूध पोरांना द्यायचं नाहीये. हा नमुना आहे. तुमची तक्रार पिठाची आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.”

“साहेब, भेसळ पकडायला आलात आणि स्वतःच भेसळ करताय? उद्या रिपोर्टमध्ये काय येणार ते आम्हाला कळत नाही होय? आमच्यासमोर या बाटल्यांत काही पडणार नाही.”

तेवढ्यात दूधवाला टेम्पोपासून हलला. सावकाश पुढे आला. “ताईंचं बराबर हाय साहेब. माझ्या दुधात तुम्ही औषध टाकनार, नि मंग सापडलं म्हननार. मी पन सही नाय करनार.”

तो मला ताई म्हणाला याचा अर्थ मी असा लावला, की घाबरलाय. समोरचा माणूस इतक्या पटकन आपल्या बाजूला आला तर थांबून विचार करावा, एवढी अक्कल मला नव्हती.

थांबल्या त्या फक्त बाई. त्यांनी माझं कोपर धरलं. “अगं, साहेबांना विचार तरी, नाही टाकलं तर काय होईल?”

“बाई, तुम्ही गप्प बसा. यांची सेटिंग तुम्हाला ठाऊक नाही.”

सगळ्यांसमोर बोलले हे. जिचं घर त्या बाटल्यांवर उभं होतं, तिला.

निरीक्षकांनी कपाळावरचा घाम पुसला. ड्रॉपर बंद करून तपकिरी बाटली बॅगेत ठेवली. “मग लिहून द्या. पंचाच्या हरकतीमुळे टाकलं नाही म्हणून.” मी ऐटीत लिहून दिलं, खाली लफ्फेदार सही केली. त्यांनी बाटल्यांना कागद गुंडाळला, सुतळी बांधली, मेणबत्तीवर लाख वितळवून सील केलं. खोलीभर जळक्या लाखेचा वास पसरला. जाताना ते बाईंकडे बघून म्हणाले, “आज शुक्रवार. उद्या-परवा प्रयोगशाळा बंद.” मी ऐकलं. मला त्यात काही अर्थ दिसला नाही. एप्रिलचा उकाडा होता आणि आम्ही जिंकलो होतो.

रिपोर्ट महिन्याने आला. एक ओळ. ‘नमुना नासलेल्या अवस्थेत प्राप्त झाल्याने विश्लेषणास अयोग्य.’

मी पीसीओवरून निरीक्षकांना फोन लावला. “बाकीच्या दोन बाटल्या आहेत ना?”

“त्या पण तशाच असणार, मॅडम. तिन्हींत तुम्हीच टाकू दिलं नाहीत. दूध आहे ते, लोणचं नाही. नमुन्यात फॉर्मलीन आहे हे प्रयोगशाळेला माहीत असतं, लेबलवर लिहिलेलं असतं. ते कुणाच्या माथी मारत नाहीत.”

“मग तुम्ही माझं ऐकलंत कशाला?”

“तुम्ही तीस-चाळीस बायका, मी एकटा. आणि तुमची सही होती.”

मला त्या माणसाचा राग आला. थोडा अजून आहे. माझा आरडाओरडा त्यांनी मोजायलाच नको होता. नियम त्यांना पाठ होता, मला नव्हता. पण ही तक्रार मी कुठल्या तोंडाने करणार?

बालवाडीत गेले तेव्हा बाई पाट्या पुसत होत्या. मी रिपोर्ट वाचून दाखवला.

“म्हणजे तक्रार खोटी ठरली?”

“खोटी नाही. खरंखोटं काहीच ठरलं नाही.”

“हा फरक सेक्रेटरींना समजावून सांगाल का, मॅडम?”

आजवर मी पोरी होते, अगं होते. त्या दिवशी मॅडम झाले. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

नमुना घेतल्यावर दूध काही दिवस चांगलं आलं. रिपोर्ट आल्यानंतरच्या आठवड्यात वाटीत टाकलेला थेंब पुन्हा निळा झाला. बाईंनी ते दूध मुलांना द्यायचं बंद केलं. रोज सकाळी कॅन घ्यायचा, वाटीत थेंब टाकून बघायचं आणि दूध मोरीत ओतायचं. मुलांना लिंबूपाणी. हे सेक्रेटरींना कळायला वेळ लागला नाही. जूनच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. मीही गेले, न बोलावता.

टेबलावर टाईप केलेला कागद तयार होता. बाईंनी फक्त सही करायची होती. ‘माझी तक्रार गैरसमजातून झाली होती.’

“सही करा आणि विषय संपवा,” सेक्रेटरी म्हणाले. “नाहीतर उद्यापासून येऊ नका. दूध ओतून देता, वरून तक्रार.”

बाईंनी कागद वाचला. दोनदा. “गैरसमज झाला हे खरं आहे. पण तो माझा नाही, हिचा आहे.” आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

त्या खोलीतून उठून जावं असं वाटत होतं. मी कागद उलटा केला आणि मागे लिहिलं, की नमुना माझ्या हरकतीमुळे नासला, हरकत अज्ञानातून होती, बाईंनी मला तेव्हाच थांबवलं होतं, मी त्यांना गप्प केलं. खाली नाव, पत्ता. सेक्रेटरींनी ते वाचलं आणि विचारलं, “हे मी दूधवाल्याला दाखवू?”

“दाखवू नका, तो सावध होईल. आधी दुसरा नमुना घेऊ द्या. मी हेच छापून वस्तीत वाटणार आहे, पण नमुन्यानंतर.”

त्यांनी कागद खणात ठेवला. “एकदाच,” ते म्हणाले. “या वेळी रिपोर्ट उलटा आला तर बाई थांबतील. आणि मला पुन्हा पत्रक नको.”

या वेळी निरीक्षक मंगळवारी आले. दिवस बाईंनी ठरवला होता. बॅगेसोबत थर्माकोलचा डबा होता, त्यात बर्फ. टेम्पो आला, कॅन उतरला, दूध ढवळलं, तीन बाटल्या भरल्या. तपकिरी बाटली बाहेर आली तसा दूधवाल्याने खिशातून पिवळा कागद काढला. घडी घालून जपून ठेवलेलं माझंच पत्रक.

“ह्ये बगा. ताईंनीच छापलंय. मयताचं औषध. आता कशापायी टाकता? ताई, तुमीच सांगा यांना.”

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तीच कडेवर पोर असलेली बाई म्हणाली, “तेव्हा नको म्हणालीस, आता नुसती बघत उभी आहेस. तुझं नक्की काय ते ठरव.”

पत्रक लिहिताना वाक्यं भराभर सुचतात. उभं राहून कबूल करायला लागलं की एकेक शब्द शोधावा लागतो. “माझं चुकलं होतं,” मी म्हणाले. “पिण्याच्या दुधात हे विष आहे. नमुन्याच्या बाटलीत नाही. मी न विचारता लिहिलं आणि न विचारता थांबवलं. साहेब, टाका.”

“मी सही नाय करनार,” दूधवाला म्हणाला.

“नका करू,” निरीक्षक म्हणाले. “तसं लिहितो. पंचांची चालेल.”

ड्रॉपर उघडला आणि फॉर्मलीनचा वास पहिल्यांदा माझ्या नाकात गेला. डोळे चुरचुरले. मी थेंब मोठ्याने मोजले, तिन्ही बाटल्यांचे, सगळ्यांना ऐकू जातील असे. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, पण मध्ये हातभर अंतर ठेवून. पंच म्हणून मी सही केली. या वेळी साधी, वाचता येईल अशी.

त्यानंतरचे आठवडे मी मोजले नाहीत असं म्हणणं खोटं होईल. पोस्टमन गल्लीत दिसला की मी दारात जाऊन उभी राहायचे. बाई रोज बालवाडी उघडत होत्या, आणि संध्याकाळी किल्ली घरी न नेता विहाराच्या खिळ्याला अडकवत होत्या. उद्या आपण नसलो तर पुढच्या बाईची अडचण नको, म्हणून.

रिपोर्ट आला. दुधात स्टार्च होता, पाणी होतं. नमुना प्रमाणानुसार नव्हता. त्या दूधवाल्याचा कॅन पुन्हा वस्तीत उतरला नाही. खटला उभा राहिला आणि रखडत राहिला. तारखेला बाई आणि मी एकाच रिक्षाने जायचो.

माझं दुसरं पत्रक उल्हासनगरलाच छापलं. छापखानेवाल्याने वाचलं आणि म्हणाला, “आज तो गुस्सा कम है.” मी म्हटलं, “अक्षर मोठं करा.” खाली मंडळाचं नाव होतं आणि माझंही.

पहिल्या पत्रकांचा एक गठ्ठा घरी पडून होता. जाळावा म्हणून काढला, मग बाईंना विचारलं. त्यांनी वरचा कागद उचलला, उलटा केला.

“मागची बाजू कोरी आहे. जाळतेस कशाला गं पोरी? इथे आण.”

वर्षभर मुलांनी त्यावर हत्ती काढले, टेम्पो काढले.