दसऱ्याला सापडलेली लांब सीटची सायकल

ती घटना आठवली की आजही मला हसू येतं. नव्वदच्या दशकात मी नाशिक रोडला फौजदार होतो. दसरा चार दिवसांवर आलेला. एक बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन ठाण्यात आल्या. जिन्याखाली ठेवलेली मुलीची सायकल गेली होती.

लहान मुलांच्या सायकलीत तेव्हा एकच थाट: लांबलचक सीट, पाठ टेकायला मागे लोखंडी कमान आणि म्हशीच्या शिंगांसारखं वर गेलेलं हँडल. बसलं की मोटारसायकल चालवल्याचा रुबाब! पुढे गिअरच्या सायकली आल्या आणि हिला कुणी विचारेना. पण तेव्हा घरोघरी तीच, बहुतेक लाल रंगाचीच.

"काका, माझ्या सायकलच्या कमानीला वेल्डिंग आहे," मुलगी रडत म्हणाली.

तक्रार नोंदवून पंचनाम्याला गेलो. सोसायटीचे अध्यक्ष, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळ्या बिऱ्हाडांना गोळा करून वॉचमनवर बोट रोखून उभे. "हाच चोर! दसऱ्यापर्यंत सायकल मिळाली नाही, तर याला काढून टाकणार."

वॉचमन पेठ तालुक्याकडचा, पन्नाशीचा. नोकरी गेली की राहती खोलीही जाणार होती. सगळ्यांदेखत त्याला जीपमध्ये घातलं आणि ठाण्यात तासभर विचारपूस केली. त्याचं एकच, "साहेब, म्या नाय नेली. पोरीला सायकल शिकवली ती म्याच."

खोटं बोलणारा फार बोलतो, असा माझा अनुभव. हा त्या एका वाक्यापुढे जाईना. त्याला सोडलं. भंगारवाले, सायकलची दुकानं पालथी घातली. काही हाती लागेना.

दसऱ्याच्या सकाळी जीपच्या पूजेसाठी हवालदार हार आणायला गेला आणि पळतच परत आला. झेंडूवाल्या मावशी त्याला म्हणाल्या होत्या, "दादा, तुमी ती लांब सीटची सायकल शोधताय ना? त्या सोसायटीचे अध्यक्ष आत्ताच तसल्याच सायकलीला छोटा हार घेऊन गेले. नातीसाठी रंगवलीय म्हने."

गेलो. अध्यक्षांच्या दारात निळीशार सायकल, हँडलला झेंडू, सीटवर हळदकुंकू. कमानीला वेल्डिंग!

"ही कुणाची?"

"माझ्या मुलाची! आठ वर्षं जिन्याखाली पडून होती. नात येणार म्हणून गच्चीवर स्वतः रंग दिला," अध्यक्षांचा आवाज चढला. "आता माझी चौकशी करणार का?"

आतून काकू आल्या. सायकल बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, आपली सायकल मी दोन वर्षांपूर्वीच भंगारात दिली. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही!"

हवालदार तोंड फिरवून हसत होता. मुलीला बोलावलं. "अय्या, निळी केली!" म्हणत ती थेट सीटवर.

अध्यक्ष आपट्याची पानं घेऊन एकटेच वॉचमनच्या खोलीवर गेले. मी मागे. "चुकलं माझं," ते हळूच म्हणाले.

वॉचमननं पानं कपाळाला लावली. "साहेब, चोर म्हनले तवा समदे गोळा केले व्हते. आता बी करा की."

अध्यक्ष वळून जिना चढले. मग त्या मानी माणसानं एकेक दार वाजवून सगळ्यांना खाली आणलं आणि हात जोडले, "सायकल मीच नेली होती. हा चोर नाही."

मी बाजूला टोपी काखेत धरून उभा होतो. त्याला सगळ्यांसमोर जीपमध्ये घालणारा मीच, आणि सोडताना मात्र "जा घरी" म्हटलं होतं. लाज वाटली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, चौकशीला आणलेला माणूस निर्दोष निघाला की मी त्याला दिवसाउजेडी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून त्याच्या दारापर्यंत सोडायला गेलो.