टोपली सोडून गेलेली माणसं

ब्रशांच्या त्या छोट्या कारखान्यात फोन उचलायचं काम ताईंकडे होतं. ते त्या इतकी वर्षं करत होत्या, की नव्या कामगारांना वाटायचं, फोन आणि ताई एकाच दिवशी कारखान्यात आले असावेत. जिन्याच्या वळणावर त्यांचं टेबल. खाली भोकं पाडणारी यंत्रं कुरकुरत असायची, वर मालकांची खोली, आणि मधोमध ताईंचा आवाज. भांडायला म्हणून फोन केलेला माणूससुद्धा थोड्याच वेळात त्यांना आपल्या गुडघेदुखीबद्दल सांगायला लागे.

"बाई, मला तो लांबडा ब्रश हवाय. शेपटीसारखा दिसतो बघा," एखादं गिऱ्हाईक म्हणे.

"कुत्र्याच्या शेपटीसारखा की उंदराच्या?" ताई विचारत, आणि माल बरोब्बर जाई.

पण हळूहळू फोन कमी झाले. मोठी दुकानं परस्पर दुसरीकडून माल घ्यायला लागली, किरकोळ गिऱ्हाईक मोबाइलवर बोट फिरवून ब्रश मागवायला लागलं. खाली दोन यंत्रांपैकी एकावर कापड पांघरलं गेलं. त्याच सुमारास मालकांची मुलगी शिक्षण आटोपून कारखान्यात आली. सगळे तिला धाकटी मालकीण म्हणत. तिने आल्या आल्या वेबसाइट करून घेतली. पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर ब्रश असे नटून बसले होते, की बाटलीचा ब्रश आणि टाकीचा ब्रश जुळी भावंडं वाटावीत. पहिली ऑर्डर आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती मालकांच्या बायकोने घरून दिली होती, चालतंय का बघायला.

"आता माझी गच्छंती," त्या रात्री जेवताना ताई मात्र नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा बस चालवून निवृत्त झालेला. "अगं, गाडी कितीही नवी आली तरी ड्रायव्हर लागतोच."

"तुमची बस कधी कोणी मोबाइलवरून हाकली होती का?" ताई म्हणाल्या. नवऱ्याने आणखी भात वाढून घेतला.

पुढे झालं भलतंच. एका सकाळी धाकटी मालकीण लॅपटॉप घेऊन ताईंच्या टेबलाशी आली. चेहरा पडलेला.

"ताई, हे बघा ना. रोज माणसं येतात, ब्रश बघतात, टोपलीत टाकतात आणि निघून जातात."

"टोपली? कुठाय टोपली?"

"ही काय, इथे कोपऱ्यात."

ताईंनी चष्मा सारखा करून पडद्यावर नाक टेकवलं. "म्हणजे गिऱ्हाईक दारापर्यंत येतं, माल तिथेच टाकून जातं, आणि आपण बघत बसतो?"

"का जातात तेच कळत नाही हो."

"मग विचार की."

"कोणाला?"

"अगं, त्यांनाच! हा काय, नंबर लिहिलाय प्रत्येकाने."

धाकट्या मालकिणीने फोन ताईंच्या पुढे सरकवला.

"नमस्कार," ताईंनी पहिला फोन लावला. "ब्रशच्या कारखान्यातून बोलतेय. सकाळी तुम्ही आमच्याकडे टोपलीत ब्रश ठेवून तसेच निघून गेलात."

"मी? मी तर सकाळपासून घराबाहेर पडलेलो नाही हो," तो माणूस घाबरून म्हणाला. प्रकार ध्यानात आल्यावर मात्र त्याला कंठ फुटला. "तुमची ती वेबसाइट पासवर्ड मागते! त्यात मोठं अक्षर हवं, आकडा हवा, वर एक चिन्ह हवं. मला ब्रश घ्यायचाय बाई, तिजोरी नाही उघडायची."

एका बाईंना ब्रश आपल्या थर्मासमध्ये जाईल की नाही ते कळत नव्हतं. आणखी कोणाला पार्सलचा खर्च अगदी शेवटी दिसला आणि तो रागावून उठला होता. ताईंना हुरूप आला. मग एकाने त्यांना चांगलंच झापलं.

"माझा नंबर तुम्हाला दिला कोणी?"

"तुम्हीच दिलात, मघाशी."

"पार्सल आणणाऱ्याला दिला होता. गप्पा मारायला नाही!"

ताईंचे कान लाल झाले. इतक्या वर्षांत त्यांच्यावर कोणी फोन आपटला नव्हता. दिवसभर त्यांनी कोणाला फोन केला नाही. धाकटी मालकीण म्हणाली, "चूक आपलीच आहे, ताई. न विचारता फोन करायला नको होता." दोघींनी मिळून मग वेबसाइटवर एक चौकोन टाकून घेतला: 'अडलात तर आम्ही फोन करू का?' ज्यांनी हो म्हटलं, त्यांनाच फोन.

पासवर्ड गेला, खर्च आधीच दिसू लागला. आणि प्रत्येक ब्रशचा नवा फोटो निघाला, ताईंनी तो हातात धरलेला, म्हणजे लांबीरुंदीचा अंदाज यावा. खालची माहिती ताईंनी बोलल्यासारखीच लिहिली. त्यात एकदा गडबडही करून ठेवली. घोड्याला खरारा करायचा ब्रश त्यांच्या हातून बायकांच्या केसांच्या ब्रशांमध्ये जाऊन बसला. लक्षात येईपर्यंत एका बाईंनी तो मागवून, वापरून, खाली लिहूनही टाकलं होतं, 'केस छान चमकतात.' ताईंनी लगेच फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं.

"घोड्याचा असो की हत्तीचा," त्या बाई म्हणाल्या, "माझ्या बहिणीसाठी अजून एक पाठवा."

ऑर्डरी येऊ लागल्या. बेताच्याच, पण रोज. अशातच एक टोपली सापडली, बाटलीचा बारीक ब्रश टाकून सोडलेली. चौकोनात 'हो' होतं. ताईंनी फोन केला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, जरा संकोचलेला.

"मला खरं तर बाटली नाही धुवायची. मी क्लॅरिनेट वाजवतो. ते आतून पुसायला हवा होता. पण मग वाटलं, या तारेने आतलं लाकूड ओरबाडलं जाईल."

"मग सध्या कशाने पुसता?"

"मोज्याने. दोरी बांधतो आणि आरपार ओढतो. परवा मोजा आतच अडकला, ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर." ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

ताई जिना उतरून खाली गेल्या. यंत्रावर एक काका होते, त्यांना सगळं सांगितलं. काकांनी मऊ केसांचा ब्रश केला, तो जाडजूड झाला. दुसरा केला, त्याचे केस गळायला लागले. प्रत्येक वेळी पार्सल जाई आणि म्हाताऱ्यांचा फोन येई. ते कुरकुर करत नसत, फक्त म्हणत, "जवळ आलोय आपण." तिसऱ्या ब्रशात काकांनी तारेच्या टोकाला कापसाचा बोळा बसवला.

पार्सल पोचलं त्या दुपारी फोन आला. "ताई, ऐका जरा," एवढंच म्हणून त्यांनी वाजवायला सुरुवात केली. ताईंनी घाईघाईने स्पीकर लावला. जिन्यातून सूर खाली घरंगळत गेले. काकांनी यंत्र बंद केलं, माल बांधणाऱ्या बायका हातातली चिकटपट्टी तशीच धरून उभ्या राहिल्या. मालक वरून तरातरा आले. "वीज गेली का?" त्यांनी विचारलं. ताईंनी फोनकडे बोट दाखवलं. मग तेही कठड्याला टेकले. ताईंनी पदराने डोळे टिपले आणि कोणी पाहिलं नाही असं धरून चालल्या.

त्या ब्रशाला वेबसाइटवर स्वतःची जागा मिळाली. म्हाताऱ्यांनी आपल्या शिष्यांना सांगितलं, शिष्यांनी आणखी कोणाला. मग एका संगीतशाळेने सगळ्या मुलांसाठी मागवले. ट्रम्पेटवाले आले, बासरीवाले आले, आणि प्रत्येकाच्या नळीचं माप निराळं! झाकून ठेवलेल्या यंत्रावरचं कापड निघालं. ताईंच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल आलं, दुसरा फोन आला, आणि त्यावर बसायला एक नवी मुलगी.

ताईंनी गच्छंतीचा विषय पुन्हा काढला नाही. उलट एक जुनं क्लॅरिनेट विकत घेतलं. म्हातारे सुट्टीच्या दिवशी फोनवरून शिकवतात, फुकट. सुरुवातीला त्यातून असा काही आवाज निघायचा, की शेजारीण काळजीने दार वाजवून गेली. नवरा त्या वेळी न चुकता फिरायला निघतो. हल्ली ताईंना एक सोपी धून बऱ्यापैकी जमते. शेवटचा सूर तेवढा अजून चिरकतो.