ओलुमात निरोप कसा देतात

“तुमी माझा आफ्रिका फाडला, सर! सगळ्या वर्गासमोर फाडला! आन् वर म्हणालात, हा खंड नाय, हा बटाटा हाय!”

ओरडणारा पोकळे आता पन्नाशीला आलेला आहे, वारज्यात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि गळ्यात बैल बांधता येईल एवढी जाड साखळी. ज्यांच्यावर तो ओरडत होता ते सय्यद सर फोटोत होते. नारायण पेठेतल्या आमच्या शाळेच्या सभागृहात त्यांची शोकसभा चालली होती. फोटोला हार घालावा की नाही यावर शिक्षकांत आधी बराच खल झाला होता, आणि शेवटी हार घालण्याऐवजी फोटोशेजारी नीट गुंडाळून ठेवला होता. सरांनी तो पाहिला असता तर विचारलं असतं, “कोणाचा राहिला हा?” पोकळे खाली बसतोय तोवर मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. “आणि माझ्या अक्षराला मुंग्यांचा मोर्चा म्हणालात! त्याच अक्षरावर डॉक्टर झाले मी, सर! लोक औषधं घेतायत त्याच्यावर!” मग आणखी एक उठला, मग आणखी एक. मुख्याध्यापिका बाई नव्या, त्यांचा चेहरा पांढराफटक. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “देवधर सर, हे काय चाललंय? आपण जुने आहात, आवरा ना यांना.” आता मी या शाळेचा पी.टी.चा निवृत्त मास्तर. एके काळी मी मैदानात शिट्टी फुंकली की लकडी पुलावरच्या सायकली थांबत, हे पुण्यात कोणालाही विचारा. पण त्या दिवशी माझ्या तोंडून साधी फुंकरही निघेना. कारण हे काय चाललंय ते आरडाओरडा करणारी ती मंडळी सोडली तर सभागृहात फक्त मला ठाऊक होतं… आणि ठाऊक असूनही माझ्याइतका गोंधळलेला माणूस तिथे दुसरा नव्हता.

सांगतो. पण जरा मागून सुरुवात करावी लागेल.

सय्यद सर भूगोल शिकवत. त्यांची घरची मंडळी पिढ्यान् पिढ्या पुण्यात, वडिलांचं अत्तराचं दुकान, आणि मराठी अशी की सदाशिव पेठेतल्या माणसानेही आधी दोनदा मनात जुळवून मगच त्यांच्याशी बोलावं. मी बोलायला लागलो की माझ्या गोष्टीत वाघ येतो, पूर येतो, एखादा मंत्री येतो. सय्यद कधी खोटं बोलले नाहीत, साधं वाढवूनही बोलले नाहीत. किती वाजले विचारलं तर घड्याळ पुढे आहे हे आधी सांगून मग वेळ सांगणारा माणूस. स्टाफरूममध्ये मी रंगात आलो की ते वह्या तपासता तपासता म्हणत, “देवधर, तुमच्या गोष्टीतलं खरं ओळखणं सोपं आहे. जेवढं कंटाळवाणं, तेवढं खरं.” इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्यांनी माझं एवढंच कौतुक केलं.

आमच्या शाळेला दिवस साजरे करण्याचं व्यसन होतं. पृथ्वी दिन झाला की टपाल दिन, तो संपला की हात धुण्याचा दिवस, तो संपेपर्यंत पुढच्या दिवसाचे तक्ते फळ्यावर लागलेले. पण सगळ्यांचा राजा म्हणजे देशोदेशींचा दिवस. मुख्याध्यापक टोपीतून चिठ्ठ्या काढायचे, ज्या वर्गाला जो देश येईल त्याने त्या दिवशी तो देश व्हायचं. कपडे, खाणं, नाच, पाहुण्यांचं स्वागत, सगळं त्या देशाचं. जपानला आत्याच्या नऊवारीचा किमोनो व्हायचा आणि पाच पोरी एकीच्या पायात एक अशा स्टेजवर कोसळायच्या. एका वर्षी सहावी अ ग्रीनलंड होती. पोरं कापूस चिकटवलेल्या गोधड्या पांघरून फेब्रुवारीच्या उन्हात उभी राहिली आणि त्यांच्या घामाने मैदानात जो चिखल झाला त्यात मी पुढे आठवडाभर कबड्डी घेतली नाही. खोटं वाटत असेल तर सय्यदांना… असो. सांगायचं एवढंच की सय्यद या दिवसासाठी जीव टाकायचे. कुठल्या देशात पाहुण्याला आधी काय देतात, कुठे बूट काढतात, कुठे ढेकर दिला तर यजमान खूष होतो, हे सगळं त्यांना पाठ. आणि ते सांगत ते खरंच असणार, कारण सय्यद सांगताहेत.

तर एका वर्षी आठवीची तुकडी वाढली. नापास झालेली, मध्येच आलेली, धायरीकडून सायकल मारत येणारी, दुसऱ्या शाळांनी हात जोडून पाठवलेली अशी सगळी पोरं एकत्र करून आठवी ड केली. चिठ्ठ्या काढल्या आणि टोपी रिकामी झाली, आठवी डला देशच उरला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, “हरकत नाही. आठवी ड खुर्च्या लावेल. आणि नंतर पत्रावळी उचलेल.” त्या वर्गाला ते नवं नव्हतं. सय्यद मागे भिंतीला टेकून उभे होते, ते म्हणाले, “त्यांचा देश ठरलाय सर. ओलुमा.” मुख्याध्यापकांनी चष्मा सारखा केला. “कुठेशी आला हा?” “प्रशांत महासागरात. नकाशात शोधू नका, छापखान्यातला ठिपका त्याच्यापेक्षा मोठा असतो.” मुख्याध्यापक संस्कृतचे. त्यांनी मान हलवली. मीही हलवली.

आता विचार करतो तेव्हा माझं मलाच आश्चर्य वाटतं. ओलुमाचा राष्ट्रीय पोशाख म्हणजे शाळेचाच शर्ट, फक्त उलटा घातलेला. राष्ट्रीय खाद्य भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. राष्ट्रीय वाद्य डबा. राष्ट्रीय पक्षी कावळा! म्हणजे ज्याला एक पैसा लागत नाही आणि जे धायरीहून येताना पोरांच्या खिशात मावतं, तेच नेमकं या देशात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. मला शंका यायला हवी होती ना? नाही आली. मी तर वर्गात जाऊन सांगून आलो की माझा एक मामा बोटीवर होता, त्याने ओलुमाचा किनारा लांबून पाहिलेला आहे आणि तिथले कावळे सशाएवढे असतात. सय्यद दारात उभे राहून ऐकत होते. तेव्हाही त्यांचा चेहरा हलला नाही.

कार्यक्रमाला एक शिक्षणाधिकारी आले होते. जपान पाहिला, इजिप्त पाहिला, सगळीकडे हार-गुच्छ, तोंडभर स्तुती. ओलुमात त्यांनी शेंगदाणे बरेच खाल्ले. मग निघाले, तर सगळी आठवी ड एकदम उभी राहिली आणि त्यांच्यावर तुटून पडली! “तुमी उशिरा आला! दोन तास उनात ठेवलं आमाला!” “मोठे मोठे दाणे वेचून खाल्ले!” “माझं नाव विचारलं आन् उत्तर ऐकलं नाय!” हे शेवटचं पोकळेचं. मुख्याध्यापकांना खुर्ची द्यावी लागली. साहेब लालबुंद. तेव्हा सय्यद पुढे आले आणि पर्जन्यमान सांगावं तशा आवाजात म्हणाले, “साहेब, ओलुमाची रीत आहे. निघालेल्या माणसाला तिथे गोड बोलून पाठवत नाहीत. गोड बोललं की सगळं मिटलं, परत यायचं कारणच उरलं नाही. म्हणून भांडून पाठवतात. भांडण अर्धं राहिलं की ते पुरं करायला माणूस येतोच.” साहेब पोकळेकडे वळून म्हणाले, “नाव काय म्हणालास?” पुढच्या वर्षी ते न बोलावता आले. आल्या आल्या म्हणाले, “दाणे मी मोठे वेचले नव्हते.” आणि त्या वर्षापासून आठवी डकडे कोणी खुर्च्या उचलायला बोट केलं नाही.

मला ही रीत इतकी आवडली की मी आणि सय्यदांनी ती उचललीच. रोज शाळा सुटली की फाटकापाशी भांडायचं आणि वेगळं व्हायचं. माझी शिट्टी, त्यांचं घड्याळ, माझ्या गोष्टीतला वाघ, काहीही चालायचं. निवृत्त झालो तरी फोन ठेवताना भांडण ठरलेलं. लोकांना वाटे यांचं पटत नाही. अर्थात पुण्यात त्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. या गावात दुकानदार गिऱ्हाइकाला ज्या भाषेत निरोप देतात ते पाहता ओलुमाची अर्धी वस्ती इथेच राहात असावी.

आणि आता शेवटची भेट. त्यांच्या गंज पेठेतल्या घरी गेलो होतो. सय्यद खिडकीशी पलंगावर, उशीएवढेच जड राहिलेले. मी आलो म्हणून उठून बसायला गेले आणि जमलं नाही. ते पाहून मी, ज्याने आयुष्यात कधी साधं बोलणं केलं नाही, एकदम गोड बोलायला लागलो. म्हटलं, सय्यद, तुमच्यासारखा शिक्षक मिळाला हे शाळेचं भाग्य. म्हटलं, तुमच्यासारखा मित्र मिळाला हे माझं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “देवधर, मी अजून आहे. हे भाषण त्या दिवशी लागेल तुम्हाला, संपवू नका.” मी निघताना सय्यदवहिनींनी माझ्या हातात मटणाच्या कोफ्त्यांचा डबा दिला, नेहमीसारखा. आमच्या घरी तो डबा उघडण्याआधी खिडक्या लावतात, पण खायला कोणी मागे राहात नाही. मी दारापर्यंत गेलो तेव्हा सय्यद म्हणाले, “आज भांडण नाही?” मी म्हटलं, “आता कशाला हो भांडायचं… तुम्ही बरे व्हा.” ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरं.” आणि कूस बदलली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळी फोन आला.

म्हणून त्या सभागृहात मी असा बसून होतो. आठवी ड कडकडून भांडत होती, आणि मी सगळ्यांत जुना, मीच तेवढं सय्यदांना गोड बोलून पाठवलेलं! समारोपाला माझं नाव पुकारलं. घरून मी दोन वाघ आणि एक पूर घालून भाषण आणलं होतं. उभा राहिलो, फोटोकडे पाहिलं, आणि बसलो. लोक म्हणाले, देवधर सरांना भरून आलं. भरून आलं नव्हतं हो. मी विचार करत होतो की ओलुमा खरा होता का?

हसू नका. देश खरा असेल आणि रीत खरी असेल, तर मी काय करून बसलो ते उघड आहे. देश खोटा असेल तर माझं काही बिघडलं नाही. पण मग आयुष्यभर खोटं न बोललेल्या माणसाने इतकी वर्षं मला सरळ बनवलं, आणि त्यावर तर भांडायलाच हवं… आणि भांडायला माणूस कुठाय? नातीच्या मोबाइलवर शोधलं. ती म्हणाली, “आजोबा, असा कंट्रीच नाहीये. शुअर आहात ना तुम्ही?” जुने नकाशे काढले. छापखान्याचा प्रत्येक ठिपका मला बेट वाटायला लागला. शेवटी पोकळेला गाठला, म्हटलं, “खरं सांग, ओलुमा होता का रे?” तो खिळे मोजता मोजता म्हणाला, “आसं काय विचारता सर? आमी तिथलेच की.” झालं, होता तो गोंधळ दुप्पट झाला.

मागच्या आठवड्यात सरळ वहिनींकडे गेलो. खिडकीशी पलंग तसाच, उशी नव्हती. कपाटावर सय्यदांचा पृथ्वीगोल, दक्षिण ध्रुवाशी चेपलेला. वहिनी बसल्या कांदे चिरत. रेडिओ लावल्यासारखा मी सगळं सांगत गेलो, फाटक, भांडणं, ते “बरं”. मग विचारलं, “वहिनी, एवढं सांगा. ही रीत कुठल्या देशाची? की सरांनी मनानेच काढली?” त्या म्हणाल्या, “मला काय माहीत. मी भूगोल शिकले नाही.” आणि चिरत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “शाळेत जायला निघाले की रोज काहीतरी खुसपट काढायचे माझ्याशी. आज मीठ जास्त, आज इस्त्री नीट नाही. मी म्हणायची, संध्याकाळी या, सांगते.” म्हणजे ही रीत ओलुमातून गंज पेठेत आली की गंज पेठेतून ओलुमात गेली? की नवराबायकोचं साधं भांडण होतं ते, आणि मी उगाच त्याला समुद्रात बेट शोधतोय? मी पृथ्वीगोल एकदा फिरवून पाहिला. तो कुरकुरत अर्धा फिरला आणि थांबला.

उठलो. “येतो वहिनी” म्हटलं आणि चपला घालायला लागलो, तर आतून आवाज आला, “देवधर भाऊजी, मागच्या वेळी कोफ्ते नेलेत तो डबा अजून आला नाही.” एक पाय चपलेत, एक बाहेर, मी तसाच उभा राहिलो. दारातूनच विचारलं, “वहिनी, हे भांडण समजू का?”

कांदा चिरण्याचा आवाज थांबला नाही.

“स्टीलचा आहे,” वहिनी म्हणाल्या. “झाकणासकट आणा.”